पन्नास रुपयांची अनामत

मागून शिकण्याची परंपरा आमच्या घराण्यात अपरिचित नव्हती. आजोबांनी पुण्यात माधुकरी मागून मॅट्रिकपर्यंत मजल मारली होती आणि वडील सात घरी वार लावून जेवत शिकले होते. परंतु त्या दोघांनी माझ्या वाट्याचेही मागून ठेवले होते म्हणून की काय, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत मला कोणापुढे हात पसरण्याचा प्रसंग आला नाही, आणि सेवानिवृत्तीनंतर, गच्चीवरच्या चार कुंड्यांना पाणी घालण्यापलीकडे ज्याच्या शिरावर कसलीही जोखीम उरली नव्हती अशा माणसावर तो यावा, हा आमच्या भूगर्भशास्त्र विभागाच्या सुवर्णमहोत्सवाचा प्रताप होय.

विभाग स्थापन झाला तो १९७२ साली. पावसाने पाठ फिरवलेल्या त्या वर्षी मराठी मुलखातील लाखो माणसे सुकडीवर आणि मिलोच्या लाल भाकरीवर दिवस काढीत रस्त्यांच्या कडेला खडी फोडीत बसली होती. आणि भूजलाचे सर्वेक्षण करणारी सरकारी यंत्रणाही राज्यात त्याच वर्षी उभी राहिल्यामुळे, जमिनीखालचे पाणी कोठे असेल हे शास्त्राने सांगणाऱ्या माणसांची निकड एकाएकी सर्वांना पटली होती. आमची पहिली तुकडी हातोडे घेऊन माळावर निघाली तेव्हा दुष्काळी कामावरच्या बाया त्यांना मुकादमाची माणसे समजून हजेरी मांडायला सांगत, असे त्या तुकडीतील एक वृद्ध गृहस्थ अजून सांगतात. मी तिसऱ्या तुकडीतला. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात तेल लागले होते आणि त्या वर्षी विभागात आलेल्या आम्हां सर्वांना, पदवी हाती पडताच आपण थेट समुद्रावरच्या त्या लोखंडी मचाणावर जाऊन उभे राहणार असे वाटत होते. त्यांपैकी काही खरोखरच गेले आणि माझ्यासारखे काही, समुद्र न पाहताच, जिथे शिकलो तिथेच शिकवायला राहिले.

विद्यापीठाने विभागाला दिलेली जागा कुंपणालगतची होती. सिमेंटच्या पत्र्यांचे छप्पर असलेली ती लांबट, पडवीवजा इमारत उन्हाळ्यात भट्टीसारखी तापे आणि पावसाळ्यात तिच्यात परस्परांचे बोलणे ऐकू येत नसे, त्यामुळे जुलै महिन्यात स्फटिकशास्त्राचे धडे आम्ही बहुतांशी हातवाऱ्यांनी दिले व घेतले आहेत. तिच्या मंजुरीच्या पत्रात ‘तात्पुरती व्यवस्था, मुदत तीन वर्षे’ असे शब्द होते. त्या तात्पुरत्या व्यवस्थेत पन्नास वर्षांच्या तुकड्या शिकून गेल्या, आणि जळगावकडचे झिओलाइट, पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतले निळेभोर कॅव्हन्साइट, कोकणातला जांभा आणि विदर्भातले मँगनीज अशा हजारो नमुन्यांनी तिच्या मांडण्या इतक्या भरून गेल्या की शेवटी शेवटी विद्यार्थ्यांना बसायला जागा हवी असेल तर दगडांची परवानगी घ्यावी लागे.

२०२१ च्या पावसाळ्यात, सारेजण तोंडाला पट्ट्या बांधून दूर दूर बसलेले असताना, विभागप्रमुखांनी सभेपुढे कुलसचिवांचे पत्र वाचून दाखविले. सुवर्णमहोत्सवानिमित्त नव्या इमारतीस तत्त्वतः मान्यता देण्यात येत असून निम्मा खर्च विद्यापीठ सोसेल व उर्वरित निम्मा विभागाने माजी विद्यार्थ्यांकडून उभा करावा, असा त्याचा मजकूर होता. निधी-समितीला चिटणीस हवा होता. ज्याला वेळ आहे, ज्याची प्रकृती बरी आहे आणि ज्याला कोणी ‘नाही’ म्हणू शकणार नाही असा मनुष्य कोण, याचा विचार चालला असता सभेतील नऊ जणांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले. त्या नवांपैकी सात जण माझे विद्यार्थी होते.

पहिला प्रश्न पत्त्यांचा. आपल्या विद्यार्थ्यांवर पुत्रवत् प्रेम करणाऱ्या आमच्या विभागाने पन्नास वर्षांत त्यांचे पत्ते ठेवले नव्हते. अखेरीस, आमच्याहूनही आधी निवृत्त झालेले जुने हेडक्लार्क, ज्यांना सारा विभाग तात्या म्हणे, त्यांना रिक्षातून आणविले. तात्यांनी चष्मा पुसला, कपाटाच्या कुलपाकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले आणि कोणते दप्तर कोणत्या खणात आहे ते जागच्या जागी बसून सांगितले. हजेरीपट निघाले, डेड स्टॉक रजिस्टर निघाले, सहलींचे जमाखर्च निघाले आणि थकबाकीची वही निघाली. त्या चार-पाच दिवसांत, कसर लागलेली पाने उलटताना, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: विद्यार्थी हुशार होता की नव्हता, पुढे त्याचे काय झाले, याची एका ओळीचीही नोंद आमच्या दप्तरात नव्हती, मात्र कोणी काचेचे चंचुपात्र फोडले, कोणी नकाशा परत केला नाही आणि कोणाचे नाव फी थकल्यामुळे पटावरून कमी झाले, हे तारीखवार नमूद होते. तात्यांना मी तसे म्हटले. ते म्हणाले, “सर, दप्तर असंच असतं. ज्याच्याकडून येणं आहे त्याचं नाव आधी.”

तुकडीतुकडीला एक कारभारी नेमून आम्ही पत्ते मिळविले. कोणाकडे लग्नाच्या आमंत्रणपत्रिका होत्या, कोणाच्या मोबाइलमध्ये तुकडीचा गट होता, कोणी एका गाववाल्यामार्फत दुसऱ्याचा माग काढला. धुळ्याचा मनुष्य गुवाहाटीत सापडला आणि गुवाहाटीचा म्हणून ज्याचा शोध घेतला तो आमच्याच गावात दोन गल्ल्या पलीकडे राहत असल्याचे निघाले. काही पत्ते सापडले तेव्हा माणसे उरली नव्हती. आदल्या वर्षाने आणि चालू वर्षाने आमच्या पहिल्या दहा तुकड्यांतून फार माणसे नेली होती, आणि निधीसाठी फोन करावा व पलीकडून सुनेने किंवा मुलाने आवाज खाली आणून ‘ते गेले’ असे सांगावे, हे त्या दिवसांत इतक्यांदा घडले की पुढे पुढे फोन लावण्यापूर्वी मी एक पेलाभर पाणी पिऊन घेऊ लागलो.

मग विनंतीपत्र. त्याचा मसुदा माझाच असल्यामुळे त्याची थट्टा करण्याचा अधिकारही मलाच आहे. ज्ञानगंगा, मातृसंस्था, कृतज्ञतेचे निरांजन, यांपैकी काहीही मी वगळले नव्हते. आणि ‘ज्या संस्थेने आपणांस घडविले तिच्या ऋणातून अंशतः उतराई होण्याची ही सुवर्णसंधी आहे’ हे वाक्य तर मी दोनदा वाचून, संतुष्ट होऊन, ठळक टाइपात घातले होते. चांगल्या कागदावर छापलेली ती पत्रे टपालाने गेली. पहिल्या दोन महिन्यांत जे आले त्यातून छपाई आणि टपालखर्च वजा जाता नव्या इमारतीचा एखादा जिना, तोही कठड्याशिवाय, झाला असता.

आणि मग चंद्रपूरकडून एक आंतर्देशीय पत्र आले. कोळशाच्या खाणीत उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या एका माजी विद्यार्थ्याचे ते होते. अक्षर सुबक, मजकूर चार ओळींचा. आपले पत्र पोहोचले. त्यात ऋणाचा उल्लेख वाचला. १९७८ साली आपण विभागात प्रयोगशाळेची अनामत ३० रुपये आणि ग्रंथालयाची २० रुपये, एकूण ५० रुपये, भरली होती, ती आजतागायत परत मिळालेली नाही, पावती जवळ आहे. सदर रक्कम परत केल्यानंतर आपण संस्थेचे किती देणे लागतो ते कळवावे, म्हणजे विचार करता येईल.

सभेत ते वाचून दाखविल्यावर हशा पिकला. मनुष्य विक्षिप्त दिसतो, असे एकजण म्हणाला. पन्नास रुपयांसाठी त्रेचाळीस वर्षे पावती जपली, असे दुसरा म्हणाला. तात्या हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते बोलावल्याशिवाय आले आणि खालच्या खणातून त्यांनी एक लांबोडकी वही काढून माझ्यापुढे ठेवली. ती अनामतीची खतावणी होती. डाव्या बाजूस भरणा, उजव्या बाजूस परतफेड. आणि उजवी बाजू, पानामागून पाने, जवळजवळ कोरी.

याचे कारण काही गूढ नव्हते. अनामत परत मिळविण्यासाठी ‘नादेय’ दाखला लागे. त्यावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह आणि लेखाशाखा अशा पाच ठिकाणच्या सह्या लागत. त्या पाच सह्यांचे पाच धनी एकाच दिवशी जागेवर असण्याचा योग दुर्मिळ. आणि परीक्षा संपवून गावी गेलेल्या मुलाने त्यासाठी पुन्हा यावे तर एस.टी.चे जाण्यायेण्याचे भाडे आणि दोन दिवसांची खाणावळ यांत अनामत संपून वर पदरचे घालावे लागे. म्हणून मुले ती सोडून देत. तीन वर्षांत कोणी मागणी केली नाही की ती रक्कम नियमानुसार ‘व्यपगत’ होऊन सर्वसाधारण निधीत जमा होई. ज्या दिवसांत पन्नास रुपयांत महिन्याची खाणावळ चाले त्या दिवसांतील ते पन्नास रुपये होते. १९७४ च्या पानावर मला माझेही नाव सापडले. पस्तीसहून अधिक वर्षे मी त्या कपाटासमोरून वर्गावर जात होतो आणि माझे ५० रुपये त्यात होते. पुढे, ज्या नादेय दाखल्यांवर प्रयोगशाळेच्या वतीने सही लागे, ती सही करणारा मीच होतो, आणि मंगळवार व शुक्रवारखेरीज ती करीत नसे, हेही येथे लपविण्यात अर्थ नाही.

आम्ही लेखाशाखेत गेलो. तेथील अधिकारी तरुण, विनयशील आणि आपल्या कामात पक्का होता. “सर, तुमची भावना मी समजू शकतो, पण ही रक्कम व्यपगत झालेली आहे. ती परत करायची म्हणजे मूळ पावती हवी, नादेय दाखला हवा आणि व्यवस्थापन परिषदेचा ठराव हवा. त्याशिवाय मी एक रुपया दिला तर लेखापरीक्षणात माझ्यावर शेरा येईल.” तात्या म्हणाले, “साहेब, पावतीपुस्तकाची स्थळप्रत आहे आपल्याकडे.” “स्थळप्रत म्हणजे पावती नव्हे, तात्या.” “ते मीच तुम्हांला शिकवलंय,” असे म्हणून तात्या उठले, आणि मला वाटते त्या क्षणी त्यांना राग आणि अभिमान दोन्ही आले असावेत.

त्याच संध्याकाळी आम्ही सहा आजीमाजी शिक्षकांनी आपापल्या खिशातून एक रक्कम काढली आणि नव्या पत्राचा मसुदा केला. या खेपेस तो तात्यांनी सांगितला व मी लिहून घेतला. ‘आपण अमुक तारखेस अमुक क्रमांकाच्या पावतीने भरलेली ५० रुपयांची अनामत परत करणे हे विभागाचे काम होते, ते वेळेवर झाले नाही. विद्यापीठाच्या नियमानुसार ती रक्कम आता सर्वसाधारण निधीत गेली असल्याने आम्ही काही शिक्षक ती आपल्याला स्वतः पाठवीत आहोत. आपले बँक खाते किंवा मनिऑर्डरीचा पत्ता कळवावा.’ एवढेच. इमारतीचा त्यात शब्द नव्हता. तो असावा की नसावा यावर आमच्यात बराच वाद झाला. निदान ताजा कलम म्हणून एक ओळ घालू, असे विभागप्रमुखांचे म्हणणे होते. मी हट्टाने ती घालू दिली नाही. यामागे माझा हेतू निखळ होता असे मी म्हणणार नाही. पन्नास रुपये परत करणाऱ्याला कोणीही पन्नासच देत नाही, हे मला ठाऊक होते, आणि मासा गळाला लावताना कोळी जितका निरिच्छ दिसतो तितकाच निरिच्छ मी त्या रात्री दिसत असेन. तथापि ती खतावणी पाहिल्यावर, आधी ती रक्कम परत केल्याखेरीज दुसरे काही मागणे मला शक्य नव्हते, हेही तितकेच खरे. आणि या दोहोंतला किती अंश कोणत्या हेतूचा होता, याचा हिशेब अजून जुळलेला नाही.

उत्तरे येऊ लागली. बहुतेकांनी ‘पन्नास रुपये इमारतीसाठी वळते करून घ्या’ असे लिहून त्यासोबत स्वतःची भर घातली; काहींनी ते मागवून घेतले आणि मिळाल्याची पोच, तिकीट लावून, पाठविली. पत्रे मात्र सर्वांची लांब होती. देणगीच्या विनंतीला माणसे आकड्यांनी उत्तर देतात आणि परतफेडीला आठवणींनी, असा माझा अनुभव आहे, आणि त्या आठवणी सर्वच गोड नव्हत्या. एकाने लिहिले की फी थकल्यामुळे परीक्षेचे प्रवेशपत्र अडले असता तात्यांनी ती स्वतः भरली आणि ते कोणाला सांगू नये अशी शपथ घातली. दुसऱ्याने लिहिले की वसतिगृहात पंगतीला आपला पाट वेगळा मांडला जाई आणि हे तुम्हां शिक्षकांना माहीत होते. पहिले पत्र मी तात्यांना दाखविले. दुसरे दाखविले नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि त्याला मी तीन वेळा लिहावयास घेतलेले उत्तर त्याखाली.

प्रत्यक्ष भेटी घेणे भागच होते. मोठ्या रकमा पत्रांनी येत नाहीत. त्यांसाठी माणसाच्या दिवाणखान्यात जाऊन चहा घ्यावा लागतो आणि भिंतीवरच्या नातवाच्या छायाचित्राविषयी चौकशी करावी लागते. अण्णासाहेब कर्वे यांच्याविषयी मला लहानपणापासून वाटत आलेला आदर या काळात व्यवहाराच्या पायावर दृढ झाला. गावच्या हितासाठी मुरूडकरांकडून फंड गोळा करण्यापासून सुरुवात केलेला हा मनुष्य, पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी दारोदार फिरला आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर परदेशांत जाऊन आपल्या विद्यापीठासाठी निधी मागत राहिला, हे मी शाळेत पाठ केले होते. पण दारावरची घंटा दाबल्यानंतर आतून पावले येईपर्यंतच्या अवधीत त्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न मात्र मला माझ्या पहिल्या भेटीच्या दिवशी पडला.

ती भेट आमच्या विभागातील सर्वांत पहिल्या विद्यार्थिनीची. १९७६ च्या तुकडीत त्या एकट्या होत्या. भूजल सर्वेक्षणाच्या नोकरीत त्यांनी मराठवाड्याचे तालुके पालथे घातले होते, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भूजलात झालेल्या फेरफारांच्या पाहणीसाठी त्या विहिरीविहिरीवर हिंडल्या होत्या. मी इमारतीचा नकाशा त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “बायकांचं स्वच्छतागृह कुठे आहे?” नकाशात ते तळमजल्याच्या एका कोपऱ्यात, जिन्याखाली, होते. त्या म्हणाल्या, “आपल्या पत्र्याच्या इमारतीत ते नव्हतंच. मी ग्रंथालयाच्या इमारतीपर्यंत चालत जायचे, जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं. दुपारनंतर पाणी पीत नसे. तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.” आमच्या कोणाच्याही खरोखरच लक्षात आले नव्हते, उलट, प्रात्यक्षिक सोडून मध्येच बाहेर जाते म्हणून एका वयस्कर शिक्षकांनी त्यांना भर वर्गात बोल लावला होता आणि आम्ही, वरच्या तुकडीतून नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलेले मदतनीस, शेजारी उभे होतो. त्यांनी दिलेली रक्कम कोण्याही एका व्यक्तीने तोवर दिलेल्या रकमेपेक्षा मोठी होती आणि तिला एकच अट होती: प्रत्येक मजल्यावर, प्रकाश आणि पाणी असलेले, चांगल्या आकाराचे स्वच्छतागृह. पाटी नको. पाटी नको असे जेव्हा मी समितीला सांगितले तेव्हा, खरे सांगायचे तर, समितीला थोडे हायसे वाटले.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकतो. विद्यापीठाकडे दालनांना नावे देण्याचा एक दरतक्ता होता. इतक्या रकमेस प्रयोगशाळा, इतक्या रकमेस वर्गखोली, त्याहून कमी दिल्यास प्रवेशद्वाराजवळच्या शिळेवर नाव. तो पाहून काही ज्येष्ठांनी नाके मुरडली. मला त्यात विशेष गैर वाटले नाही. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयास दोन लाख आणि मनोऱ्यास आणखी दोन लाख देणाऱ्या प्रेमचंद रायचंदांनी त्या मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे नाव दिले. १८७८ साली पुरा झालेल्या, कुर्ल्याच्या पिवळट दगडातल्या त्या वास्तूला आज कोणी ‘दोन लाखांचा मनोरा’ म्हणत नाही, राजाबाईच म्हणतात. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाने १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाखांची देणगी घेतली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव धारण केले. पुण्यातील टिळक-आगरकरांच्या मंडळींनी तर १८८५ साली आपल्या कॉलेजास मुंबईच्या गव्हर्नराचे नाव दिले, ज्याची देणगी १,२०० रुपयांची होती. नाव विकले म्हणावे तर स्वस्तात विकले, आणि तरी त्या पैशापेक्षा त्या नावाच्या आश्रयाने जे काम चालले त्याचे मोल कोणी करू शकणार नाही. आमच्यापुढची अडचण निराळीच होती. शिळेवर नावे कोरावयाची तर शिळा कोणती, यावर भूगर्भशास्त्राच्या पाचशे पदवीधरांत एकमत होईना. बाहेरून आणलेला ग्रॅनाइट म्हणजे दख्खनच्या पठाराचा उपमर्द, असे अर्धे म्हणत; आणि आपल्या काळ्या पाषाणावर बारीक अक्षर नीट उठत नाही, ते कोरण्याची मजुरीच लहान देणगीदारांच्या देणगीहून जास्त होईल, असे उरलेले अर्धे, हिशेब मांडून, दाखवीत.

परदेशस्थांची कथा याहून कष्टाची. आमच्या माजी विद्यार्थी संघाला विदेशी अंशदान स्वीकारण्याची नोंदणी नव्हती, आणि ती मिळविण्यासाठी तीन वर्षांचे अस्तित्व व त्या काळातील १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. त्याशिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरावा लागतो. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी मनुष्याने बँकेमार्फत आपल्या बचतीतून दिलेले पैसे हे विदेशी अंशदान ठरत नाहीत. पण त्याच मनुष्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर, तो साताऱ्यात जन्मलेला असला आणि त्याची आई अजून तेथेच असली तरी, कायद्याच्या दृष्टीने त्याचा पैसा परकीय. ह्यूस्टनला तेलकंपनीत असलेल्या एका विद्यार्थ्याला हे समजावून सांगताना माझी जीभ अडखळली. तो काही वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, म्हणजे मी आता बाहेरचा?” मी म्हटले, “तू नाहीस रे, तुझा पैसा.” पुढे त्याने दोन महिने, दर शनिवारी, त्याच्या सकाळी आणि आमच्या संध्याकाळी, भूकंपलहरींवरून भूगर्भाचे चित्र कसे काढतात ते पडद्यावरून शिकविले, आणि पत्र्यावर पाऊस वाजू लागला की तिकडून तो ‘थांबा, ऐकू दे’ म्हणे.

आयकराच्या सवलतीचे प्रकरण मी थोडक्यात आटपतो. देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, २,००० रुपयांवर रोख दिल्यास मिळत नाही, आणि पॅन किंवा तत्सम ओळखक्रमांकाशिवाय दाखला निघत नाही, एवढे मी दीड वर्षात इतक्या वेळा सांगितले की एकदा झोपेतही सांगत होतो, अशी घरातून साक्ष आहे.

आता पायाविषयी. विद्यापीठाच्या अभियंत्यांनी दोन ठिकाणी खड्डे घेऊन, वर काळी, खाली मुरूम आणि त्याखाली खडक असल्याचा दाखला दिला होता आणि त्यावर अंदाजपत्रक बेतले होते. एका सकाळी फाटकाशी एक टेंपो उभा राहिला. त्यातून पांढऱ्या मिशांचे, काटक, सत्तरीच्या अलीकडचे एक गृहस्थ उतरले आणि त्यांच्यामागोमाग दोन मजूर व छिद्रणयंत्र. हे आमचे चंद्रपूरचे पत्रलेखक. त्यांना ५० रुपये केव्हाच पोहोचले होते आणि त्यांनी महसुली तिकीट चिकटवून ‘रक्कम पावली, तक्रार नाही’ अशी पोच दिली होती; त्यानंतर पाच महिने अक्षर नव्हते. त्यांनी अभियंत्यांचा अहवाल मागवून घेतला, वाचला आणि म्हणाले, “खडक लागला म्हणजे खडकच आहे, हे तुम्हांला कुणी सांगितलं? दख्खनचा आहे तो. खाली काय आहे ते बघू.”

अकरा दिवस ते विश्रामगृहात राहिले, भाडे स्वतः भरले आणि त्याची पावती मागून घेतली. सहा ठिकाणी त्यांनी छिद्रे घेतली. चौथ्या छिद्रात, ज्याला सर्वांनी पायाचा खडक मानले होते त्या कठीण थराच्या खाली, दोन लाव्हाथरांच्या सांध्यात, तांबड्या, भाजल्यासारख्या मातीची हातभर जाडीची पट्टी निघाली. कोरड्यात घट्ट आणि पाणी लागले की भुसभुशीत होणारी. त्यांनी ती तळहातावर घेतली, तिच्यावर दोन थेंब पाणी सोडले आणि ती विरघळताना आम्हां सर्वांना, अभियंत्यांसह, दाखविली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एक लाव्हा थिजून गेल्यानंतर आणि दुसरा येण्याआधी मध्ये जो काही काळ गेला त्याची ती माती. वर्गात मी तिच्यावर तीस वर्षे व्याख्यान दिले होते, आणि ते व्याख्यान ज्या जमिनीवर उभा राहून दिले तिच्या खाली ती असेल, हे माझ्या मनात आले नव्हते. इमारतीचा तो कोपरा सरकवावा लागला, उरलेला पाया खोल न्यावा लागला, आणि पोलादाचे भाव आधीच चढलेले असताना खर्च आणखी वाढला. समितीतले काहीजण त्यांच्यावर मनातून नाराज झाले. देणगीदारांच्या यादीत त्यांचे नाव नाही. त्यांनी एक रुपयाही दिलेला नाही. जाताना मी त्यांना स्थानकावर पोहोचवायला गेलो तेव्हा, १९७८ ची ती पावती पाहायला मिळेल का, असे विचारले. त्यांनी पाकिटातून प्लास्टिकच्या वेष्टनात घातलेला चतकोर कागद काढला. त्यावर खाली तात्यांची सही होती.

महोत्सव झाला. पाहुणे उशिरा आले, कुदळ मारली, भाषणे झाली. पहिल्या तुकडीतली सहाच माणसे येऊ शकली आणि त्यांतले दोघे काठी टेकीत. तात्यांचा सत्कार करावा असा माझा आग्रह होता. त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि बोलायला सांगितल्यावर, “अनामतीच्या खतावणीत अजून एकेचाळीस नावं बाकी आहेत, कुणाला पत्ता माहीत असेल तर सरांकडे द्या,” एवढेच बोलून खाली बसले. सभा संपल्यावर त्यांपैकी तिघांचा पत्ता मिळाला.

नवी इमारत दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आहे. निधीच्या मर्यादेत बसेना म्हणून नमुन्यांचे कोठार मूळ नकाशातून तूर्त वगळावे लागले, आणि हजारो दगडांना अन्यत्र जागा नसल्याने जुनी पत्र्याची इमारत पाडता येईना. आम्ही तसा अर्ज केला. गेल्या आठवड्यात मालमत्ता शाखेचे उत्तर आले की, विभागाची निकड विचारात घेता सदर तात्पुरत्या इमारतीस आणखी तीन वर्षांची मुदतवाढ मंजूर करण्यात येत आहे. ते पत्र मी खतावणीत, अडतीस नावे उरलेल्या पानापाशी, ठेवून कपाटाला कुलूप लावले.